सहाचा आकडा

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईहून अहमदाबादकडे एक खास रेल्वेगाडी सोडण्यात आली. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या त्या मार्गाला वसईची खाडी चुकत नाही. पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांचे पूल ओलांडायचे, वसई रोड मागे टाकायचे, मग विरार, डहाणू, वलसाड, सुरत. आमचे सांडोर, पापडी, वसईगाव ही सारी वस्ती रुळांच्या पश्चिमेला. गाडीत पोलिसांच्या पहाऱ्यात बाळ गंगाधर टिळक होते. त्यांना साबरमतीच्या तुरुंगात न्यायचे होते. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती.

या खटल्याची गोष्ट महाराष्ट्रात शाळेपासून सांगितली जाते, पण बहुधा शेवटाकडून. शिक्षा झाली, आरोपीच्या पिंजऱ्यातून टिळकांनी बाणेदार उत्तर दिले, ते उत्तर संगमरवरावर कोरले गेले, इथे गोष्ट संपते. मला तिची आधीची बाजू महत्त्वाची वाटते. शिक्षा रात्री दहाच्या सुमारास सुनावली गेली, तरी ती नक्की झाली एकोणीस दिवस आधी, एका लहानशा अर्जावर. त्या अर्जाला विरोध करायला उभा राहिलेला बॅरिस्टर याच किनाऱ्याच्या मराठी ख्रिस्ती समाजातला होता. जोसेफ बॅप्टिस्टा, पुढचे काका बॅप्टिस्टा. जन्म माझगावच्या माथारपाखाडीतला, घराणे मूळ खाडीपलीकडच्या उत्तनचे. वसईत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण अर्जाच्या त्या दिवशी ते कोर्टात कशासाठी उभे राहिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आधी त्या वेळचा कायदा समजून घ्यायला हवा, कारण सारे त्यातच दडले आहे. मुंबई हायकोर्टाच्या फौजदारी सत्रात नऊ जणांची ज्यूरी बसे. दोषी ठरवायला एकमताची गरज नव्हती. नऊपैकी सहा जण एका मताचे झाले आणि न्यायाधीशांना ते मान्य झाले, की काम भागे. इंग्लंडात बाराच्या बारा ज्यूरींचे एकमत लागे, तेच इंग्रज हिंदुस्थानात सहावर समाधान मानत. शिवाय हिंदी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवू देऊ पाहणाऱ्या इल्बर्ट विधेयकावरून गोऱ्या लोकांनी जे काहूर माजवले, त्यानंतर १८८४ च्या कायद्याने युरोपीय ब्रिटिश आरोपीला एक खास हक्क मिळाला होता: आपल्या ज्यूरीत निदान निम्मे लोक युरोपीय किंवा अमेरिकन असावेत, असे तो मागू शके. आपल्या माणसांसमोर आपला न्याय व्हावा, ही भावना सरकारला समजत होती. ती फक्त गोऱ्यांच्या बाबतीत समजत होती.

टिळकांनी हा हिशेब एकदा अंगावर घेतला होता. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर ज्यूरीत सहा युरोपीय होते आणि तीन हिंदी. निकाल लागला सहा विरुद्ध तीन. गोऱ्या ज्यूरींची संख्या जितकी, तितकीच दोषी ठरवणारी मते, आणि कायद्याला लागणारी मतेही नेमकी तितकीच. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली होती.

शिक्षेला उरले २८ दिवस. बुधवार, २४ जून, संध्याकाळ

टिळक मुंबईत सरदारगृहात उतरले होते. 'काळ'चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला होता आणि त्यांच्या बचावाची खटपट करायला ते आले होते. तिथेच त्यांना अटक झाली.

कारण त्यांच्या 'केसरी'तले अग्रलेख. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी टाकलेल्या बॉम्बने केनेडी आडनावाच्या दोन स्त्रियांचा बळी घेतला. नेम होता किंग्जफर्ड या न्यायाधीशावर. १२ मेच्या मंगळवारी 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' हा लेख आला, ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा. टिळकांचे म्हणणे असे, की बॉम्ब निंद्य आहे, पण दडपशाहीने तो थांबणार नाही. लोकांना राज्यकारभारात हक्क द्या, तरच थांबेल. आदल्याच दिवशी, ८ जूनला, सरकारने स्फोटक द्रव्यांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कडक कायदे केले होते, आणि दुसरा लेख त्यांच्यावरच होता.

अटकेनंतर पुण्याच्या घराची झडती झाली. स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले. नव्या कायद्यातल्या स्फोटकाच्या व्याख्येवर टीका करायची म्हणून ती नावे टिपून ठेवली होती, हा टिळकांचा खुलासा. खटल्यात मात्र ते कार्ड शेवटपर्यंत ज्यूरीच्या डोळ्यांपुढे नाचवले गेले. मॅजिस्ट्रेट ॲस्टन यांनी जामीन नाकारला आणि टिळकांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली.

उरले २० दिवस. गुरुवार, २ जुलै

जामिनाचा अर्ज हायकोर्टात आला. टिळकांच्या वतीने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. समोर न्यायमूर्ती दिनशा दावर.

अकरा वर्षांपूर्वी, १८९७ मध्ये, हेच दावर बॅरिस्टर होते आणि टिळकांना जामीन मिळावा म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींसमोर त्यांनीच युक्तिवाद केला होता. तय्यबजींनी जामीन दिला होता. आता आरोपी तोच, राजद्रोहाचे कलम तेच, आणि जामीन मागण्याची कारणेही जवळपास तीच: बचावाची तयारी करायची आहे, कागदपत्रे जमवायची आहेत, प्रकृती ठीक नाही. दावर यांनी अर्ज फेटाळला आणि कारणांची चर्चा करणे टाळले.

हा माणसाच्या स्वभावाचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. कच्च्या कैदेतल्या माणसाला स्वतःचा बचाव उभा करता येत नाही. तुरुंगातून मागवलेली पुस्तके, तुरुंगातून काढलेली टिपणे, ठरावीक वेळेपुरती वकिलांची भेट, यावर टिळकांना पुढचा सारा खटला लढवायचा होता.

उरले १९ दिवस. शुक्रवार, ३ जुलै

इथे थांबून बघायला हवे, कारण खरा घात या दिवशी झाला.

सरकारच्या बाजूने बॅरिस्टर इन्व्हेरॅरिटी यांनी अर्ज केला, की हा खटला खास ज्यूरीपुढे चालावा. कागदावर ही मागणी निरुपद्रवी होती. खटला महत्त्वाचा आहे, तर जास्त शिकलेले, जास्त प्रतिष्ठित लोक न्यायाला बसावेत, यात गैर काय? मुंबई शहरात खास ज्यूरींची वेगळी यादी असे. तीत नाव घालताना मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण पाहिले जाई. वर्णाचा उल्लेख त्या नियमात कुठेही नव्हता. पण १९०८ च्या मुंबईत मालमत्ता, हुद्दा आणि इंग्रजी शिक्षण या तीन चाळण्यांतून गाळून जी यादी हाती येई, तिच्यात फोर्टातल्या युरोपीय पेढ्यांचे आणि कंपन्यांचे लोक भरलेले असत. नियमाला रंग नव्हता, यादीला होता.

बॅप्टिस्टांनी विरोध केला तो नेमका या जागी. लेख मराठीत लिहिलेले आहेत. ते ज्यांच्यासाठी लिहिले, ते वाचक मराठी. लेखकाच्या मनात काय होते आणि वाचकाच्या मनावर काय परिणाम होईल, हेच तर राजद्रोहाच्या खटल्यात ठरवायचे. मग ठरवणाऱ्यांना निदान ती भाषा तरी यायला हवी. खास यादीतून ज्यूरी निवडली तर तीत युरोपीयांचे मताधिक्य होणार आणि मराठी वाचणारा माणूस औषधालाही राहणार नाही. आरोपीला त्याची भाषा आणि त्याचा समाज जाणणाऱ्या लोकांपुढे उभे करा, एवढीच मागणी होती. गोऱ्या आरोपीला कायद्याने जे मागता येत होते, त्याहून जास्त काही बॅप्टिस्टा मागत नव्हते.

दावर यांनी सरकारचा अर्ज मंजूर केला.

यानंतर नावे निघताना आरोपीला कारण न देता आठ जणांना हरकत घेण्याची मुभा कायद्यात होती. कागदावर हाही मोठा दिलासा. पण यादीच एका बाजूला झुकलेली असेल, तर आठ गोरे वगळल्यावर त्यांच्या जागी यादीतलेच पुढचे गोरे येतात. शिवाय आठ हरकती सरकारलाही होत्या. न्यायाची प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे पार पडते आणि शेवटी ज्यूरीच्या बाकावर कोण बसणार हे आधीच ठाऊक असते, असा हा प्रकार. पक्षपात करायला कोणाला उघडपणे वाईट वागावे लागत नाही. यादी कशी बनते एवढे हाती असले, की पुरते. आजही एखादा निकाल खटकला की आपण निकालपत्र वाचतो. त्याआधी कोण कुठल्या यादीतून आले, हे विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही, आणि ती लागायला हवी असे मला मनापासून वाटते.

उरले ९ दिवस. सोमवार, १३ जुलै

हायकोर्टाच्या मध्यवर्ती दालनात खटला सुरू झाला. ज्यूरीच्या बाकावर नऊ जण बसले: सात युरोपीय, दोन पारशी.

सहा हवे होते, सात आले.

परांजप्यांना पाचच दिवसांपूर्वी, ८ जुलैला, एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली होती, त्यामुळे वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे सगळ्यांना दिसत होते. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन, इन्व्हेरॅरिटी आणि बिनिंग असे तीन बॅरिस्टर होते. टिळकांनी स्वतःचा खटला स्वतः चालवायचे ठरवले. कायद्याचे पदवीधर तर ते होतेच.

दोन्ही लेखांचे आरोप एकाच खटल्यात जोडण्यालाही टिळकांनी हरकत घेतली, तीही चालली नाही. एकूण आरोप तीन: १२ मेच्या लेखाबद्दल राजद्रोहाचे कलम १२४-अ, ९ जूनच्या लेखाबद्दल तेच १२४-अ आणि समाजांत वैर पसरवण्याचे १५३-अ. सरकारचा मुख्य साक्षीदार होता भाषांतरकार. ज्यूरीला मूळ लेख वाचता येत नसल्यामुळे तिच्यासाठी इंग्रजी भाषांतर हाच लेख होता. टिळकांनी त्याची उलटतपासणी दीर्घ घेतली, शब्दामागून शब्द घेऊन मराठी वाचक त्याचा काय अर्थ लावील ते दाखवायचा प्रयत्न केला. संपादक आपल्या भाषेतल्या छटा अशा लोकांना समजावून सांगत होता, ज्यांना त्या भाषेतले एक वाक्यही वाचता येत नव्हते.

उरले ७ दिवस. बुधवार, १५ जुलै

टिळक ज्यूरीसमोर बोलायला उभे राहिले. हे भाषण २२ जुलैपर्यंत चालले. एकूण २१ तास १० मिनिटे.

इतक्या लांब भाषणाला काही जणांनी हट्ट म्हटले. मला ते तसे वाटत नाही. समोरची माणसे आपल्याविरुद्ध मोजून बसवलेली आहेत, हे माहीत असूनही टिळकांनी त्यांच्याशी ती माणसे न्याय करू शकतील असे धरून संवाद केला. त्यांच्याच देशाचा इतिहास त्यांच्यापुढे ठेवला. इंग्लंडात छापखान्याचे स्वातंत्र्य राजाने दिले नाही, न्यायाधीशांनीही दिले नाही. ते ज्यूरींनी राखले. अठराव्या शतकात अर्स्किन यांनी केलेले बचाव, फॉक्सचा १७९२ चा कायदा, लेखाचा हेतू ठरवण्याचा हक्क न्यायाधीशाचा नसून ज्यूरीचा आहे हे तत्त्व, सगळे त्यांनी मांडले. अँग्लो-इंडियन पत्रांनी देशी लोकांविरुद्ध काय काय लिहिले होते, त्याची कात्रणे कोर्टात दाखल केली आणि विचारले, की त्या चिथावणीला उत्तर देणे हा राजद्रोह कसा? पण बचावाकडून असे कागद दाखल झाल्यामुळे शेवटचे उत्तर देण्याचा हक्क सरकारकडे गेला. त्याची किंमत शेवटच्या दिवशी मोजावी लागली.

उरले दहा तास. बुधवार, २२ जुलै, दुपार

टिळकांचे भाषण संपत आले. शेवटाला त्यांनी ज्यूरीकडे जे मागितले ते मला या सबंध खटल्यातले सर्वांत हृदयद्रावक मागणे वाटते. त्यांनी सुटका मागितली नाही. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता: तुमच्यापैकी निदान एकाने पुढे येऊन सांगावे, की मी केले ते बरोबर होते, तेवढ्यानेही मला समाधान वाटेल, कारण इंग्लंडात एक जरी ज्यूरी वेगळा पडला तरी त्या निकालावर शिक्षा होत नाही.

बुद्धिमान माणसाने गणित केले होते. नऊपैकी एक. साम्राज्याच्या राजधानीत तेवढे पुरले असते.

उरले पाच तास. २२ जुलै, संध्याकाळ

टिळक बसले आणि ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन उत्तराला उठले. दुपार त्यातच गेली. आता कोर्ट उठेल आणि उरलेले काम उद्या होईल असे धरून लोक होते. आठ दिवस चाललेल्या खटल्याच्या शेवटी, आरोपी थकलेला, ज्यूरी थकलेली, तेव्हा तसे होणे स्वाभाविकही होते. दावर यांनी मात्र खटला आजच संपवायचे ठरवले.

कोर्टाबाहेर गर्दी वाढत होती. पोलिसांचा बंदोबस्त कडक होता. आतमध्ये दिवे लागले आणि न्यायमूर्तींनी ज्यूरीपुढे समारोप सुरू केला. तो आरोपीला अनुकूल नव्हता.

रात्रीपर्यंत रेटण्याची ही घाई साधी व्यवस्थेची बाब होती असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. माणसाच्या सहा वर्षांचा निवाडा ज्या ज्यूरीने करायचा, तिला एकवीस तासांचे भाषण, कित्येक तासांचे सरकारी उत्तर आणि समारोप एकावर एक ऐकवून जेवणवेळी निर्णयाला पाठवायचे, यात विचाराला जागा किती उरते?

उरले दोन तास. रात्री आठ

आठ वाजून गेले आणि ज्यूरी उठून आत गेली. टिळक आणि त्यांची मंडळी कोर्टातच थांबली. सव्वा तास गेला.

उरली चाळीस मिनिटे. रात्री नऊ वाजून वीस मिनिटे

ज्यूरी परत आली. तिन्ही आरोपांवर एकच उत्तर. दोषी. मते सात विरुद्ध दोन.

आकडे आणि वर्ण पुन्हा एकदा तंतोतंत जुळले. १८९७ ला सहा युरोपीय, मते सहा. १९०८ ला सात युरोपीय, मते सात. टिळकांनी एक मागितला होता, त्यांना दोघे मिळाले. इंग्लंडात त्या दोघांमुळे निकालच लागला नसता. मुंबईत ते दोघे फक्त एक आकडा म्हणून नोंदले गेले. कायद्याने अजून एक दार उघडे होते: न्यायाधीशांनी बहुमताशी असहमती दाखवली असती, तर ती ज्यूरी बरखास्त करावी लागली असती. दावर यांनी आपण बहुमताशी सहमत असल्याचे सांगितले. १८९७ ची आधीची शिक्षा पुढे ठेवण्यात आली, ती टिळकांनी मान्य केली.

रात्री दहाचा सुमार

तुम्हाला काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर टिळकांनी सांगितले, की ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे. माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य हाती असलेल्या श्रेष्ठ शक्ती आहेत, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या हालअपेष्टांनी माझे कार्य अधिक फळाला यावे, अशी त्या नियंत्याची इच्छा असेल.

मग दावर बोलले. असले लेख म्हणजे राजकारणाचे सनदशीर हत्यार आहे असे म्हणणारे मन रोगट आणि विकृतच असले पाहिजे, राज्यकर्त्यांविषयीचा तुमचा द्वेष या दहा वर्षांत गेलेला नाही, अशा आशयाचे ते बोलणे होते. दोन आरोपांवर तीन-तीन वर्षे काळे पाणी, एकामागून एक भोगायची, म्हणजे सहा वर्षे. तिसऱ्यावर हजार रुपये दंड.

या शिक्षेवर अपील नव्हते. हायकोर्टाच्या मूळ फौजदारी खटल्यातल्या निकालावर हायकोर्टातच अपील करण्याची सोय कायद्यात आली १९४३ मध्ये. जिल्ह्यातल्या सेशन कोर्टात शिक्षा झालेल्या चोराला वरच्या कोर्टात दाद मागता येई, हायकोर्टात शिक्षा झालेल्या संपादकाला ती हक्काने मागता येत नव्हती. प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागायला टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे इंग्लंडला गेले, तिथेही काही झाले नाही.

टिळकांना मागच्या दाराने बाहेर काढले गेले, समोरच्या गर्दीला कळायच्या आत. खास गाडी तयार होती. इतक्या रात्री इंजिन, डबे, पहारा आणि अहमदाबादपर्यंतचा मोकळा मार्ग निकालानंतरच्या काही मिनिटांत जमत नाही. दोषी ठरणार आणि आजच ठरणार, हे धरूनच सरकारने तयारी ठेवली होती, असाच त्याचा अर्थ होतो. गाडीने माहीम, बोरीवली, भाईंदर मागे टाकले आणि खाडी ओलांडली.

त्यानंतर

दुसऱ्या दिवसापासून मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. गोळीबार झाले, माणसे मेली. या संपाची दखल लेनिननेही घेतली. ज्यूरीच्या यादीत ज्यांचे नाव मालमत्तेअभावी कधीच आले नसते, त्यांनी आपला निकाल रस्त्यावर दिला.

सरकारने काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलली आणि सप्टेंबरमध्ये टिळकांना मंडालेला नेले. १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या, तेव्हा ते तुरुंगातच होते. सुटका झाली १६ जून १९१४ ला. भारतमंत्री मोर्ले यांनी मुंबईच्या गव्हर्नरला कळवले होते, की माझा सल्ला विचारला असता तर मी टिळकांना हात लावू नका म्हणालो असतो. ते सांगायला उशीर झाला होता. पुढे दावर यांना सर ही पदवी मिळाली आणि बारने त्यांना मेजवानी द्यायचे ठरवले, तेव्हा जिनांनी त्या परिपत्रकावर संतापाचा शेरा मारला, हे पुढे मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झालेल्या छागलांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. बॅप्टिस्टा १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. आणि १९१६ मध्येच टिळकांच्या भाषणांवरून पुन्हा कारवाई झाली, तेव्हा ती ज्यूरीपुढे गेली नाही. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी मूळ मराठीचा रोख आणि एकूण भाषण लक्षात घेऊन टिळकांविरुद्धचा हुकूम रद्द केला. तेच सरकार, तोच वक्ता, न्याय करणारे वेगळे.

१९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी खटला चालला त्या दालनाबाहेर टिळकांच्या उद्गारांची संगमरवरी शिला बसवली. हायकोर्टाने आपल्याच निकालाविरुद्ध आपल्याच भिंतीवर साक्ष कोरली, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

ज्यूरी आता नाही. नानावटी खटल्यात १९५९ ला मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोषचा कौल दिल्यावर त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच राहिली नाही. घटनेच्या चौदाव्या कलमाने कायद्यापुढे सगळे समान, एकविसाव्याने रीतसर आणि न्याय्य मार्गाशिवाय कोणाचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही, बाविसाव्याने वकील आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेट, एकोणचाळीस-अ ने मोफत कायदेशीर मदत. हे सारे १९०८ ला नव्हते आणि ते असणे ही फार मोठी गोष्ट आहे.

तरीही यादीचा प्रश्न संपलेला नाही, फक्त जागा बदलली आहे. आता ती यादी पोलिस ठाण्यात बनते: संशयित म्हणून पहिल्यांदा कोणाकडे जायचे? ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा आणि भयंकर अत्याचार झाला. पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा गरीब लोक. जिवंत राहिलेल्या आईने पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, तो पुरावा बाजूला पडला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली, त्यातल्या तिघांची तर हायकोर्टाने कमी केलेली शिक्षा पुन्हा वाढवली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले आणि राज्याने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. सोळा वर्षे गेली होती. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. १८७१ च्या ज्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा माणसांना जन्मानेच संशयित ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याने घातलेली सवय अजून ठाण्याठाण्यांत जिवंत आहे.

म्हणून सांडोर-वसईच्या वाचकांना एक विनंती. आपल्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यांतला, आपल्या वाडीत कामाला येणारा किंवा पुलाखाली पाल ठोकून राहणारा कोणी उद्या उचलला गेला, तर त्याच्या घरच्यांना धीर देऊन परत पाठवू नका. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावेच लागते. तो चोवीस तासांचा काळ मोजायला लागा. वकिलाची ऐपत नसली तरी अडत नाही: कोठडीतली कोणतीही व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री किंवा मूल यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या बाराव्या कलमाप्रमाणे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. वसईच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. तो लिहून ठेवा आणि शेजारच्यालाही द्या.